जादूगाराचा रिकामा हात

बकुळडांग्याच्या पौष मेळ्यात निताई हाजऱ्याचा जादूचा तंबू दर वर्षी एकाच जागी पडायचा. एका बाजूला पाळणा, दुसऱ्या बाजूला खजुराच्या गुळाची दुकानं, मागे तळं. तंबूच्या तोंडाशी एक रंगवलेली फळी असायची. तिच्यावर 'प्रोफेसर एन. हाजरा' अशी ठळक अक्षरं आणि खाली फेट्यात हिऱ्याचा तुरा खोवलेला, भरदार मिशांचा एक माणूस. निताईला मिशा नव्हत्या, कधी नव्हत्याच. रंगाऱ्यानं दुसऱ्याच कुणा गिऱ्हाइकाचं पडून राहिलेलं चित्र त्याच्या गळ्यात मारलं होतं. पण चोवीस वर्षांत तिकीट काढलेल्या एकाही माणसानं "हा फळीवरचा तो नव्हे" अशी तक्रार केली नव्हती. निताईची बायको पारुल म्हणायची, "माणसं तुरा बघतात हो. चेहरा बघायला कुणाला सवड आहे?"

हे बोलायचा तिला अधिकार होता. खेळ चालू असताना तीनशे माणसं एकीकडे बघत असतात आणि एकच बाई त्या तीनशे माणसांकडे. ती बाई पारुल. लग्न होऊन आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. सासरे थोरले हाजरामशाय, स्वतः नावाजलेले जादूगार. तिसऱ्याच दिवशी त्यांनी सुनेला समोर बसवलं आणि म्हणाले, "बौमा, तंबूत तू म्हणजे चौरंग. चौरंगाकडे कुणी बघतं का? नाही बघत. पण त्याच्यावाचून पूजा होते का?"

तेव्हापासून पारुल खेळाला मातकट रंगाची साडी नेसायची. हातातल्या शंखाच्या बांगड्या वाजू नयेत म्हणून त्यांना दोरा गुंडाळायची. आणि निताई तंबूत तिच्याकडे कधी म्हणजे कधी बघायचा नाही. कारण उघड होतं. जादूगार जिकडे बघतो तिकडे लोक बघतात. त्यानं चौरंगाकडे बघितलं की संपला खेळ.

म्हाताऱ्याचं दुसरं एक म्हणणं होतं: माणूस हसला की त्याचे डोळे घटकाभर आंधळे होतात, तेव्हा काम उरकून घ्यावं. पण ज्याच्यासाठी त्यानं पोराच्या बोटांवर ताडपंख्याची दांडी मोडली ते वेगळंच होतं. तो निताईला रिकाम्या कोपऱ्याकडे बघायला लावायचा आणि विचारायचा, "काय दिसलं?" निताई म्हणायचा, काही नाही. की बसला फटका. "तुला काही दिसलं नाही तर लोकांना काय दिसणार, गाढवा? खोटं बघू नकोस. खोट्या नजरेमागे कुत्रंसुद्धा मान वळवत नाही." महिनाभरानं एकदा निताई म्हणाला, "कोळ्याचं जाळं आहे. त्यात माशी अडकलीय. अजून जिवंत आहे." त्या दिवशी म्हाताऱ्यानं पंखा खाली ठेवला आणि पोराला रसगुल्ला आणून दिला.

पारुलला हे सगळं आवडायचं. लोकांना वाटायचं, बिचारी नुसती तबकं उचलते. पण तंबूत सगळ्यात जास्त मजा तिचीच असायची. मिठाईवाला असेल तर त्याचा डोळा मडक्याच्या आकारावर. शिंपी असेल तर निताईच्या कोटाच्या काखेतल्या उसवलेल्या टाक्यावर. कडेवर पोर असलेली बाई जादू बघतच नाही, पोराच्या तोंडाकडे बघते. पोरानं आ केला की ती आ करते. नवं लग्न झालेला पोरगा बायकोला जादू दाखवतो आणि स्वतः बायकोला बघतो. कोण कशाकडे बघतं त्यावरून कोण काय करतं हे ओळखायचा पारुलला नादच होता, आणि दहांतल्या आठ वेळा तिचं बरोबर यायचं.

आणखी एका गोष्टीनं त्या वर्षी ती खुशीत होती. ती गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती, पण शेजारणींच्या नजरेतून ती थोडीच सुटते! निताई बदलला होता. जन्मभर तंबूत बडबड्या आणि घरी मिठाची गुळणी धरून बसणारा माणूस. गेल्या फाल्गुनापासून तो घरी बोलायला लागला. "पारुल, ते बघ, कुंडूंची शेळी छपरावर चढलीय." "पारुल, तो ढग बघ, हुबेहूब सामंतबाबूंचं पोट." ती हसायची. स्वयंपाकघरात येऊन मटार सोलायचा, लसूण निवडायचा, सुतळी वळत तिच्याजवळ बसायचा. शेजारची कुंडूबौदी तोंडावर म्हणाली, "काय गं, म्हातारपणी दादांना प्रेमाचा पूर आला की काय?" पारुलनं तिला वेडावून दाखवलं. पण त्रेचाळिसाव्या वर्षी ती आरशात बघून कुंकू लावायला लागली, हे खरं.

मेळ्याच्या पहिल्या दिवशी खेळ संपला. माणसं चपला शोधत बाहेर पडत होती. पुढच्या चटईवर बसलेली एक म्हातारी उठेचना. ही खेंतीमासी. बाजारात मासे कापून द्यायची, तिच्या अंगाला तोच वास. पारुल सतरंजी गुंडाळत तिच्यापर्यंत आली.

"बौदी, एक विचारू? राग नाही ना धरायचीस?"

"विचार की, मासी."

"तुझ्या जादूगाराच्या उजव्या हाताला काय झालंय?"

"कुठं काय? काही नाही."

"थरथरतो."

पारुल हसली. "मासी, तीनशे माणसं होती तंबूत. कुणाला दिसलं नाही ते बरं तुला दिसलं!"

"तीनशे माणसांचं मला काय सांगतेस? ती कबुतर बघत होती. मी काय कबुतर बघायला आले? पाय दुखत होते म्हणून बसले." खेंतीमासीनं पदराची गाठ सोडून पान काढलं. "चाळीस वर्षं विळीवर बसते मी. गिऱ्हाईक माशाकडे बघतं, मी त्याच्या पोरांच्या हातांकडे. कामातला हात कधी विळीवर येत नाही गं. रिकामा हात येतो. मला रिकामाच हात दिसतो, त्याला मी काय करू? तुझा माणूस छडी धरतो, पत्ते पिसतो, तेव्हा हात ठणठणीत. नुसता सोडला की थरथर. माझ्या दिराचं असंच सुरू झालं होतं."

"थंडी आहे, मासी. पौष महिना."

"असेल बाई, थंडी असेल," खेंतीमासी म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "मग डाव्याला वाजत नाही वाटतं थंडी."

पारुलला राग आला. म्हातारी गेल्यावर सतरंजी तिनं जरा जास्तच जोरात झटकली. मग राग ओसरला आणि त्याच्या जागी एक विचित्र कुतूहल आलं. तिनं आठवायचा प्रयत्न केला: निताईचा उजवा हात, रिकामा, नुसता मांडीवर ठेवलेला, आपण शेवटचा कधी पाहिला? आठवेना. कालचा नाही, आठवड्यापूर्वीचा नाही. ज्या माणसाबरोबर रोज जेवायचं, त्याचा एक अख्खा हात डोळ्यांसमोरून गेलाच नव्हता. तीनशे अनोळखी माणसांच्या नजरा ओळखणारी ही बाई! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ठरवूनच बघायला घेतलं. दोघं तंबूमागे मुरी, म्हणजे आपले चुरमुरे, खात बसली होती. निताईच्या उजव्या हातात वाटी होती. संपली की हात रिकामा होणार. पारुल वाटीवर लक्ष ठेवून राहिली. मुरी संपली.

"अगं, ते बघ! सामंतबाबू पाळण्यात बसतायत!"

पारुलनं बघितलं. मेळा समितीचे चिटणीस सामंतबाबू खरंच जावयाचा हात धरून पाळण्यात चढत होते आणि पाळणावाला वजनाचा तोल सांभाळायला समोरच्या बाजूला दोन माणसं कोंबत होता. ती खळखळून हसली. मान वळवली तेव्हा निताईच्या उजव्या हातात सुतळी होती आणि तो ती वळत होता.

ती चपापली. मान आपण वळवली नव्हती. ती आपली आपण वळली होती.

पुन्हा दोनदा तेच झालं. एकदा तो म्हणाला, "तुझ्या केसांत काहीतरी अडकलंय," आणि तिचा हात केसांकडे गेला. गवताची काडी होतीच. एकदा त्यानं गूळवाल्याच्या बायकोची नक्कल केली. प्रत्येक वेळी ती हसली, आणि हसू ओसरेपर्यंत उजव्या हाताला काही ना काही काम मिळालेलं असायचं. तिला संताप आला आणि, खोटं कशाला सांगा, वाहवाही द्यावीशी वाटली. एवढं सफाईचं काम तिनं तंबूतसुद्धा बघितलं नव्हतं.

तेव्हा तिनं ठरवलं: जे कुठलाच प्रेक्षक करत नाही ते करायचं. तो सांगेल तिकडे बघायचं नाही.

दुपारी दोघं तळ्याच्या पायरीवर बसली. ऊन अंगावर होतं, थंडीचं नाव नव्हतं. निताईनं हात धुतले, पुसले. मग डावा हात लांब करून म्हणाला, "पारुल, ते बघ, खंड्या!"

तिची मान वळायला निघाली. तिनं दात आवळले आणि खाली बघितलं.

उजवा हात गुडघ्यावर होता. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होती, तंबाखू मळावी तशी, पण बोटांत तंबाखू नव्हती. मनगट थरथरत होतं. हात एकटाच काहीतरी करत होता, निताईला न विचारता. निताई मात्र पाण्याकडे बघत होता, तोंड थोडं उघडं टाकून, पोरासारखा.

"दिसला का?" त्यानं विचारलं.

"दिसला," पारुल म्हणाली. "छान आहे."

खंड्या तिनं बघितलाच नव्हता.

मग ती तंबूत जाऊन पेटाऱ्यावर बसली आणि तिला रडू आलं. आजाराचं भय तर होतंच. पण रडू त्याचं नव्हतं. ती वर्षाचे हिशेब उलटे लावत होती. कुंडूंची शेळी छपरावर चढली तेव्हा हात रिकामा असणार. ढगात सामंतबाबूंचं पोट दिसलं तेव्हाही. मटार, लसूण, सुतळी, ही तर सरळ हाताला दिलेली कामं. तिच्याजवळ येऊन बसण्यासाठी तो सुतळी वळत नव्हता, सुतळी वळण्यासाठी येऊन बसत होता. तिला हसवायचं, तिचे डोळे घटकाभर आंधळे करायचे, आणि काम उरकायचं. म्हाताऱ्यानं शिकवलेला धंदा त्यानं घरात आणला होता, आणि ही वेडी आरशात बघून कुंकू लावत होती.

त्या दिवशीचा खेळ तिनं कसाबसा केला. शेवटच्या अंगठीच्या खेळात अंगठी निताईच्या हातातून तिच्याकडे आली, पण देताना त्याच्या हाताला क्षणभर उशीर झाला. तो उशीर तिला आज पहिल्यांदा कळला. मग लक्षात आलं की गेले कित्येक महिने तो होताच. आपलीच बोटं तेवढी पुढे जात होती, न सांगता, न कळता.

अंगठीचा खेळ हा हाजऱ्यांचा शेवटचा आणि सगळ्यात नामी. कुणा प्रतिष्ठिताची अंगठी मागून घ्यायची, रुमालात गुंडाळून त्याच्याच मुठीत द्यायची, रुमाल झटकला की अंगठी नाही. मग गुळाचं तोंड बांधलेलं मडकं फोडायचं, की आत, गुळात बुडालेली तीच अंगठी. ती मडक्यात कशी जाते ते सांगता येणार नाही, ते हाजऱ्यांचं पोट आहे. एवढं सांगायला हरकत नाही की खरी अंगठी रुमालात जातच नाही. ती निताईच्या उजव्या तळव्यात राहते. तो हात सुटा सोडून देतो, विसरल्यासारखा. डाव्यानं काहीतरी दाखवत विनोद करतो, लोक हसतात, पारुल तबक घेऊन शेजारून जाते आणि अंगठी तिच्याकडे येते. सगळा खेळ त्या रिकाम्या दिसणाऱ्या हातावर.

तिसरा दिवस शेवटचा. अंगठी सामंतबाबूंची होती, माणकाची, आणि शेजारी जावई बसला होता. सामंतबाबूंच्या एका शब्दावर फाल्गुनापर्यंतचे सात मेळे अवलंबून होते. त्यांच्या जावयासमोर त्यांची अंगठी मातीत पडली, तर त्या सातही गावांत बातमी निताईच्या आधी पोचणार. एकदा हातातून वस्तू पडली की त्या जादूगाराच्या हातांकडेच लोक पुढे जन्मभर बघत राहतात.

पुढच्या चटईवर खेंतीमासी होती. आज तिचे पाय दुखत नव्हते. ती मुद्दाम आली होती.

निताईनं अंगठी घेतली, फुंकर मारली, रुमालात गुंडाळल्यासारखी केली आणि रुमाल सामंतबाबूंच्या मुठीत दिला. उजवा हात खाली आला. पारुल तबक घेऊन निघाली. निताईनं विनोद केला, "सामंतबाबू, मूठ घट्ट धरा. गेल्या वर्षी एका जमीनदारबाबूंनी सैल धरली, तर त्यांची बायको गायब झाली. ते अजून मला मिठाई पाठवतात!" तंबू हसला.

पारुल शेजारी पोचली आणि अंगठी आली नाही. हात नुसता थरथरत नव्हता, हलत होता, खालून वर. बोटं अंगठीवर आवळून बसली होती, सुटली असती तर ती सरळ पितळी तबकावर खणकन पडली असती. हसू ओसरायला लागलं. दोन श्वास, फार तर तीन.

आणि निताईनं तिच्याकडे बघितलं.

चोवीस वर्षांत पहिल्यांदा. घाबरलेला माणूस घरच्या माणसाकडे बघतो तसं, जादूबिदू सगळी विसरून. आणि तो जिकडे बघतो तिकडे लोक बघतात. तीनशे माणसांच्या नजरा मातकट साडीतल्या त्या बाईवर आल्या. पारुलला वाटलं, कुणीतरी अंगावरून पांघरूण ओढून घेतलं. मिठाईवाला, शिंपी, पोरवाल्या बाया, सामंतबाबू, जावई, सगळे. आता तिनं कुठंतरी बघायला हवं होतं, ती बघेल तिकडे ते बघणार होते. छताकडे बघावं? छतात काय होतं! सासऱ्यांची दांडी आठवली. खोटं बघून भागणार नव्हतं.

तिला त्या घडीला एकच गोष्ट खरोखर बघायची होती. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. घाम आला होता बिचाऱ्याला.

"अगं बाई!" ती म्हणाली. तंबूत तिचा आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता. "चोवीस वर्षं झाली हो लग्नाला! आज बघितलंत माझ्याकडे?"

मग तंबू असा फुटला की कबुतरं पेटाऱ्यात फडफडली. बाया एकमेकींच्या अंगावर पडून हसायला लागल्या. "बरोबर बोललीस, बौदी!" कुणीतरी मागून ओरडलं. "विचार, विचार त्यांना!" सामंतबाबू रुमाल धरलेली मूठ मांडीवर आपटत हसत होते. आणि सगळे बघत होते प्रोफेसर एन. हाजऱ्यांच्या तोंडाकडे, कारण ते कानापर्यंत लाल झालं होतं. ते लाजणं शिकवलेलं नव्हतं.

तेवढ्यात पारुलनं तबक काखेत मारलं आणि दोन्ही हातांनी त्याचा उजवा हात धरला. उघड, सगळ्यांसमोर, बायकोनं नवऱ्याचा धरावा तसा. तिच्या हातात आल्यावर तो हळूहळू निवला. एक एक बोट तिनं सोडवलं. अंगठी तिच्या तळव्यात आली.

कुणीही बघितलं नाही. एका खेंतीमासीनं बघितलं. तिनं पदर तोंडाशी नेला आणि चटकन दुसरीकडे मान फिरवली, जन्मात पहिल्यांदा.

मडकं फुटलं, अंगठी निघाली, जावयानं चाटून गूळ खरा असल्याची ग्वाही दिली. सामंतबाबू जाताना म्हणाले, "हाजरामशाय, ते शेवटचं बौदींचं नवीन घातलंत ते फार छान. सातही ठिकाणी ठेवा."

ऊन कलायच्या आत तंबू उतरला. सामान बैलगाडीवर चढत होतं. ती दोघं तळ्याच्या पायरीवर बसली. निताईनं सवयीनं सुतळी हातात घेतली होती. पारुलनं ती काढून घेतली आणि बाजूला ठेवली.

"कधीपासून?"

"फाल्गुनापासून," तो म्हणाला. हात गुडघ्यावर थरथरत होता, त्यानं तो लपवला नाही. "तू घाबरली असतीस. घाबरलेलं माणूस हाताकडेच बघतं. तू बघितलंस की मी बघणार, आणि मी बघितलं की तंबू बघणार."

"म्हणून मला फसवलंत."

"तुला फसवणं सगळ्यात अवघड. तुझ्यापासून लपलं तर जगापासून लपेल, असं वाटलं."

"म्हणजे मी तालमीची बाहुली! वर्षभर मी हसत होते, आणि तुम्ही..." पण तिच्या स्वभावाला राग फार वेळ धरवेना. एक गोष्ट तिला कालपासून विचारायची होती, आणि ती विचारल्यावाचून तिला गाडीत बसवणार नव्हतं. ती त्याच्याकडे वळली.

"काल खंड्या दाखवलात ना मला?"

"हो."

"काय करत होता तो?"

"मासा धरला होता त्यानं. लहानसा," निताई म्हणाला. विचार करायला थांबलासुद्धा नाही. "त्या वाकड्या बांबूवर बसून दोनदा आपटला. तिसऱ्यांदा आपटायला गेला आणि मासा निसटला. मग इकडे तिकडे बघितलं त्यानं, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून. मला हसू येत होतं. पण तू नुसतं 'छान आहे' म्हणालीस. म्हटलं, हिला मासा पडलेला दिसला नाही वाटतं."

पारुल जवळ सरकली. मग म्हणाली, "आणि कुंडूंची शेळी?"

"कुठली, काळी? ती रांजणावरून भिंतीवर आणि भिंतीवरून छपरावर. मागचा डावा पाय कौलात अडकला होता. तू तेव्हा उंबऱ्यात होतीस, हाताला पीठ होतं. हसताना त्याच हातानं डोळे पुसलेस, आणि दिवसभर भुवईला पीठ घेऊन फिरलीस. मी सांगितलं नाही."

"का नाही सांगितलंत?"

"बरं दिसत होतं."

तळ्यात कुणीतरी घागर बुडवली. पारुलला सासरे आठवले, त्यांचा ताडपंखा, आणि कोळ्याच्या जाळ्यातली ती जिवंत माशी. ज्याला काही दिसत नाही त्याच्यामागे कुत्रंसुद्धा मान वळवत नाही. आणि आपली मान तर वर्षभर वळत होती, दिवसातून दहा वेळा.

"आधी हातासाठीच सुरू केलं," निताई खाली बघत म्हणाला. "खोटं नाही सांगत. पण तुला दाखवायला रोज काहीतरी शोधावं लागायचं ना. सकाळी उठलो की बघत सुटायचो, आज हिला काय दाखवावं. चोवीस वर्षांत मी आपलं अंगणसुद्धा धड बघितलं नव्हतं, पारुल."

तिनं डोळे पुसले. मग नाक पुसलं. मग तिच्यातली हाजऱ्यांची सून जागी झाली. "उद्या आधी वर्धमानला मोठ्या डॉक्टरकडे जायचं. आणि यापुढं अंगठी मी घेणार. मी हात, तुम्ही तोंड. तुम्ही नुसतं बोलायचं आणि बघायचं. तेवढं येतं तुम्हाला."

"आणि चौरंग कोण?"

"चौरंगाचे दिवस संपले," पारुल म्हणाली आणि बांगड्यांवरचा दोरा दातानं तोडला.

गाडीवानानं हाक मारली. निताईनं मान वर केली. त्याचा डावा हात लांब झाला.

"पारुल, ते बघ! प्रोफेसरांना उलटं टांगलंय!"

तिला ठाऊक होतं, उजवा हात आत्ता थरथरत असणार. तिनं तिकडे बघितलं नाही. नुसता तो चाचपून आपल्या हातात घेतला आणि गाडीकडे बघितलं. फळी खरंच उलटी होती.